ॲल्बर्ट जॅका: एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दुसरा का नाही?

मेलबर्नला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सेंट किल्डाच्या किनाऱ्यालगत जॅका बुलेवार्ड नावाचा रस्ता आहे. हा जॅका पहिल्या महायुद्धातला सैनिक होता, एवढं त्यांना कळलं. पण त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं शौर्याचं सर्वोच्च पदक, एकदा नव्हे, तीनदा मिळायला हवं होतं असं तिकडचे लोक सांगतात. यात तथ्य किती आणि हा माणूस नेमका कोण होता, हे पायदळात नोकरी केलेल्या कुणी तरी सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

माझं सरळ उत्तर असं, की तीन नाही, दोन. पहिला त्याला मिळाला. दुसरा त्याच्या हक्काचा होता आणि मिळाला नाही. तिसऱ्याबद्दल मात्र मी तिकडच्या लोकांशी सहमत नाही. पायदळात नोकरी झाल्यावर काही वर्षं मी तरुण नायक-हवालदारांना सेक्शनची, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीची, लढाई शिकवली आहे, आणि जॅकाच्या तीन लढाया मी त्यांना नेहमी फळ्यावर काढून दाखवत असे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ॲल्बर्ट जॅकाचा जन्म १० जानेवारी १८९३ चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या विंचेल्सीजवळचा. सात भावंडांतला चौथा. पुढे कुटुंब वेडरबर्न नावाच्या छोट्या गावात राहायला गेलं. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. आधी वडिलांबरोबर मालवाहतुकीचं काम, मग राज्याच्या वनखात्यात मजुरी: कुंपणं घालायची, झाडं लावायची, जंगलात आगीसाठी मोकळे पट्टे काढायचे. अंगापिंडाने मध्यम, बोलायला कमी, बॉक्सिंग आणि सायकल शर्यतींचा शौक. सप्टेंबर १९१४ मध्ये तो भरती झाला. ऑस्ट्रेलियात तेव्हा परदेशी लढायला जाणारी सगळी फौज स्वेच्छेने आलेल्यांची होती. देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत आणि युद्ध संपेपर्यंत नाव नोंदवलेले चार लाखांवर, हे प्रमाण लक्षात ठेवलं म्हणजे जॅकाचं तिथे काय झालं ते कळतं. घरटी कुणी ना कुणी त्या युद्धात होतं.

त्याची पलटण १४ वी. ती जॉन मोनाश यांच्या चौथ्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रॉडमेडोजच्या छावणीत तयारी, १९१४ च्या डिसेंबरअखेर जहाज, इजिप्तमध्ये काही महिने कवायत, आणि २६ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पाऊल.

गॅलिपोली म्हटलं की आपल्याकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचीच नावं येतात. त्या किनाऱ्यावर भारतीयही होते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २१ वी कोहाट आणि २६ वी जेकब्स या आपल्या दोन माउंटन बॅटऱ्या पहिल्याच दिवशी, २५ एप्रिलला, तिथे उतरल्या. खेचरांवर सुटे भाग लादून चढवायच्या त्या लहान तोफा. कड्यांच्या त्या भूमीवर अशाच तोफांचा उपयोग होता. पाणी, दारूगोळा, रसद वर पोचवणारी खेचरंही भारतीय पथकांची होती. ऑगस्टमध्ये सारी बैरच्या डोंगरावर रात्रीची मोठी चढाई झाली, तेव्हा जॅकाची चौथी ब्रिगेड आणि २९ वी भारतीय ब्रिगेड, म्हणजे १४ वी शीख आणि गुरख्यांच्या तीन पलटणी, एकाच कॉलममध्ये, जनरल कॉक्स यांच्या हाताखाली चालत होत्या.

आता १९ मे १९१५. अँझॅकच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एकत्रित फौजेच्या, ताब्यातला भूभाग इतका चिंचोळा होता, की डावी-उजवीकडे कडे आणि मागे समुद्र. मोनाश व्हॅली नावाच्या घळीच्या माथ्यावर क्विन्स, कोर्टनीज, स्टील्स अशा चौक्या होत्या. काही जागी शत्रूचा खंदक हातबॉम्ब फेकता येईल इतका जवळ. यातली एक चौकी पडली की घळ उघडी, आणि घळ उघडी म्हणजे सगळी फौज समुद्रात. त्या पहाटे सुमारे ४२,००० तुर्क सैनिकांनी पूर्ण आघाडीवर हल्ला चढवला. त्यांची जमवाजमव विमानातून आधीच दिसली होती, त्यामुळे ऑस्ट्रेलियन तीन वाजताच स्टँड-टूला, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, उभे होते. तुर्कांची जवळपास १०,००० माणसं पडली, त्यातली ३,००० च्या आसपास ठार. इतकी प्रेतं दोन्ही खंदकांमध्ये कुजायला लागली, की २४ मेला ती पुरण्यासाठी अधिकृत युद्धबंदी करावी लागली.

या सगळ्या हल्ल्यात तुर्क एकाच जागी खंदकात घुसू शकले, ती जागा कोर्टनीज पोस्ट. बॉम्ब टाकून त्यांनी तिथल्या ऑस्ट्रेलियनांना मारलं, हाकललं आणि खंदकाचा दहा-बारा यार्डांचा तुकडा ताब्यात घेतला. लेफ्टनंट हॅमिल्टन पुढे धावले आणि जागीच मारले गेले.

इथे खंदकाची रचना डोळ्यांपुढे आणा. लढाऊ खंदक सरळ खणत नाहीत. दर काही यार्डांवर तो वळवतात आणि मध्ये मातीचा जाड थर सोडतात, त्याला ट्रॅव्हर्स म्हणतात. याचा हेतू हा, की एका टोकाला बॉम्ब फुटला तर स्फोट पुढच्या कप्प्यात जाऊ नये आणि घुसलेल्या शत्रूला लांबवर सरळ गोळी झाडता येऊ नये. अशाच एका ट्रॅव्हर्सच्या आड लान्स कॉर्पोरल जॅका, म्हणजे आपल्याकडचा लान्स नायक, एकटा अडकला. वळणापलीकडे तुर्क. तो मधूनमधून समोरच्या भिंतीत गोळ्या घालत राहिला. त्या कुणाला लागत नव्हत्या, पण वळण पार करायची हिंमत कुणी केली नाही. या साध्या कामाने वेळ मिळाला, आणि शत्रू खंदकात घुसल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांइतकं मोलाचं काही नसतं. घुसणारा दमलेला असतो, त्याचे दारूगोळ्याचे खिसे अर्धे रिकामे असतात, नवी जागा त्याला अनोळखी असते. पंधरा-वीस मिनिटं दिलीत की तो मातीची पोती रचतो, मशीनगन आणतो, आणि मग त्याला काढायला आख्खी कंपनी लागते.

लेफ्टनंट क्रॅब मागच्या बाजूने पोचले. माणसं दिली तर चढाई करशील का, असं त्यांनी विचारलं. जॅकाने दोन-तीन माणसं मागितली. हॉवर्ड, बिकली, डी अरांगो, पॉलिनेस हे पुढे आले. पहिला प्रयत्न सरळ खंदकातूनच झाला आणि फसला. फसणारच होता. खंदकात एका वेळी एकच माणूस पुढे असतो, आणि समोर पाच-सात रायफली रोखलेल्या असतात. हॉवर्डला गोळ्या लागल्या, जॅका उडी मारून परत आडोशाला.

यानंतर त्याने जे केलं त्यासाठी मी ही लढाई शिकवायचो. त्याच जागी तीच चूक दुसऱ्यांदा करायची नाही, हे त्याने त्या गोंधळात ठरवलं. क्रॅब आणि बाकीच्यांनी आधीच्याच टोकाकडून बॉम्ब टाकायचे, गोळीबार करायचा, पुन्हा चढाई येतेय असं भासवायचं. तेवढ्यात जॅका संपर्क-खंदकातून वळसा घेऊन वर चढला, दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या जमिनीवर गेला, आणि तुर्क ज्या बाजूने आले होते त्याच बाजूने त्यांच्या डोक्यावर उडी घेतली. पाच जणांना गोळीने आणि दोघांना संगिनीने मारलं. निसटणाऱ्यांना बाहेर पॉलिनेसच्या रायफलीने टिपलं. क्रॅब आत आले तेव्हा जॅका प्रेतांमध्ये उभा होता, चेहरा लालबुंद, तोंडात न पेटवलेली सिगारेट. झालं काम साहेब, अशा अर्थाचं एक वाक्य तो बोलला. डायरीत त्याने या रात्रीबद्दल चार-सहा ओळीच लिहिल्या आहेत, हजेरी नोंदवावी तशा.

२४ जुलै १९१५ च्या राजपत्रात त्याचं नाव आलं. पहिल्या महायुद्धातला ऑस्ट्रेलियन सैन्याचा हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. मेलबर्नचे धनाढ्य जॉन रेन यांनी पहिल्या मानकऱ्यासाठी ५०० पौंड आणि सोन्याचं घड्याळ जाहीर केलं होतं, ते त्याला मिळालं. त्याचा चेहरा भरतीच्या पोस्टरवर चढला. खेळाडूंच्या भरतीसाठी काढलेल्या पोस्टरवरही तोच. हा मुलगा एका रात्रीत देशाचा झाला, आणि स्वतः मात्र अजून त्याच खंदकात होता. गॅलिपोली सोडेपर्यंत तो कंपनी सार्जंट मेजर झाला. इजिप्तमध्ये अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पार करून एप्रिल १९१६ अखेर सेकंड लेफ्टनंट.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: पोझिएर, ७ ऑगस्ट १९१६.

सोमच्या लढाईतलं हे फ्रान्समधलं लहानसं खेडं. तिथे आणि तिथून पुढे मूके शेताकडे सरकताना सुमारे सहा आठवड्यांत ऑस्ट्रेलियाची २३,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली. गावाबाहेरच्या टेकाडावर एक पवनचक्की होती, तिथून चारही दिशा दिसत. ती हिसकावून घेतल्यावर जर्मनांनी त्या पट्ट्यावर तोफांचा असा मारा केला, की खंदक असे उरलेच नाहीत, नुसते खड्डे. जॅकाची प्लाटून त्या रात्री तिथे होती. माणसं वाचवायला त्याने जी उरली होती ती एका खोल डगआउटमध्ये, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या आसऱ्यात, नेली.

पहाटे जर्मनांची चढाई आली आणि त्यांच्या लाटा डगआउटवरून पुढे निघून गेल्या. जाता जाता कुणीतरी आत बॉम्ब घरंगळवला. दोन माणसं गेली. जॅकाने पायऱ्यांवरून गोळ्या झाडल्या आणि तो वर आला. पाहतो तो जर्मन त्याच्या मागे, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाजूला, पोचलेले. शेजारच्या ४८ व्या पलटणीचे चाळीसेक जण त्यांनी पकडले होते आणि त्यांना घेऊन ते परत याच दिशेने येत होते.

जॅकाजवळ सात माणसं. यातून निसटून आपल्या फौजेकडे जाणं शक्य होतं, आणि तसं केलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्याने सातही जणांना ओळीत थांबवलं. पहारेकरी तीसेक यार्डांवर येईपर्यंत वाट पाहिली, आणि मग आठही जण त्यांच्यावर तुटून पडले. काही जर्मनांनी बंदुका टाकल्या, काहींनी तिथेच लढाई दिली. जॅकाच्या आठ जणांपैकी एकही बिनजखमेचा राहिला नाही. तेवढ्यात पकडलेल्या ऑस्ट्रेलियनांनी हाताला लागेल ते हत्यार उचललं, आजूबाजूच्या खड्ड्यांमधले एकटे-दुकटे शिपाई आवाज ऐकून धावले, आणि त्या धुमश्चक्रीत सगळा डाव फिरला. कैदी सुटले, उलट जर्मनच कैद झाले, टेकाडावरची रेषा पूर्ववत झाली. जॅकाला सात ठिकाणी जखमा. एक गोळी उजव्या खांद्याखालून आरपार, डोक्यालाही मार. गोळी लागून पडला की पुन्हा उठायचा, असं त्या दिवशीचे सोबती सांगत. लंडनच्या इस्पितळात असताना तो मेल्याची बातमीही छापून आली.

ऑस्ट्रेलियन सैन्याच्या इतिहासात एका माणसाच्या धाडसाने इतका नाट्यपूर्ण आणि इतका परिणामकारक बदल दुसरा घडवला नाही, अशा अर्थाचा निर्वाळा अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन यांनी दिला आहे. बीन स्वतः त्या आघाड्यांवर फिरलेले, शब्द जपून वापरणारे गृहस्थ. आणि या कामाला पदक कोणतं? मिलिटरी क्रॉस, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसहून खालच्या दर्जाचं.

माझं मत इथे ठाम आहे. व्हिक्टोरिया क्रॉससाठी दोन गोष्टी बघाव्यात: जिवाची पर्वा किती केली नाही, आणि त्यामुळे लढाईत काय बदललं. कोर्टनीज पोस्टला दहा-बारा यार्ड खंदक वाचला. पोझिएरला टेकाडावरची एक मोडत चाललेली आघाडी सावरली आणि चाळीसेक माणसं कैदेतून परत आली. पहिल्या कामाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला असेल, तर दुसऱ्याला तो न देण्याचं कारण लढाईत सापडत नाही, ते कागदात शोधावं लागतं.

कागद कसा चालतो तेही सांगतो. पदकाची शिफारस खालून वर जाते. आधी प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब लागतात, ते घेऊन पलटणीचा कमांडिंग ऑफिसर लिहितो, मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, सेनापती असा प्रवास. प्रत्येक टप्प्यावर ती खाली उतरवता येते. पोझिएरला पाहणारे जखमी होऊन वेगवेगळ्या इस्पितळांत विखुरले, पलटणीचं मुख्यालय गोळामाऱ्यात मागे होतं, आणि त्या दिवसांत अख्खी पलटण बदलीवर मागे नेण्याची धांदल. अशा वेळी शिफारस फिकी पडते, हे नोकरी केलेल्या कुणालाही पटेल. दुसरी गोष्ट प्रथेची. व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा देणं नियमात होतं, पण पहिल्या महायुद्धाअखेर तो मान दोघांनाच मिळाला, मार्टिन-लीक आणि शावास, आणि दोघेही डॉक्टर, जखमींना वाचवणारे. हाती बंदूक घेऊन लढणाऱ्याला दुसरा क्रॉस मिळायला दुसरं महायुद्ध आणि न्यूझीलंडचे चार्ल्स अपहॅम यावे लागले. तेव्हा जॅकाच्या दुसऱ्या क्रॉसच्या वाटेत आधीच एक न लिहिलेली भिंत होती.

आपल्या वाचकांसाठी एक संदर्भ: भारतीय जवानांना व्हिक्टोरिया क्रॉसची पात्रताच १९११ मध्ये मिळाली. म्हणजे जॅकाच्या पहिल्या क्रॉसच्या चारच वर्षं आधी. पुढे जुलै १९४४ मध्ये इटलीत, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे यांनी सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनवर झेप घेऊन ती बंद पाडली आणि तिथेच धारातीर्थी पडले. रायगडातल्या माणगावकडच्या लोकांना हे नाव सांगावं लागत नाही. घाडग्यांचं आणि जॅकाचं काम शेजारी ठेवून पाहिलं, की पायदळात शेवटचा निर्णय नायक-लान्स नायकाच्या पातळीवर कसा होतो ते दिसतं.

तिसरी घटना बुलकूरची, एप्रिल १९१७. जॅका तोवर कॅप्टन आणि पलटणीचा इंटेलिजन्स ऑफिसर. हिंडेनबर्ग लाइन या जर्मनांच्या भक्कम संरक्षक फळीवर हल्ला होणार होता आणि योजना अशी, की तोफांच्या सरकत्या माऱ्याऐवजी रणगाडे पुढे जाऊन तारांची कुंपणं चिरडतील. जॅका रात्री बर्फाळ मोकळ्या जमिनीतून सरपटत तारांपर्यंत गेला, दोन ठिकाणी आत शिरून पाहणी केली, आणि परत येऊन तारा पुरेशा तुटलेल्या नाहीत, हा हल्ला फसेल, असं सांगितलं. ऐकलं गेलं नाही.

मग त्याला पांढऱ्या फिती अंथरायच्या होत्या. अंधारात हजारो माणसं नेमक्या रेषेवर झोपवून ठेवायची, तर जमिनीवर ठळक फीत लागते. पण हीच फीत शत्रूने पाहिली तर हल्ला कुठून आणि कधी येणार हे त्याला विनासायास कळतं, आणि रांगेत झोपलेल्या माणसांवर तोफा सुरू होतात. काम संपत आलं असताना दोन जर्मन गस्तीवर चालत आले, एक अधिकारी आणि त्याचा अर्दली. फीत त्यांना दिसणारच होती. जॅकाने पिस्तूल रोखलं, चाप ओढला, गोळी सुटली नाही. मग झडप घालून दोघांना हातांनीच धरलं आणि मागे आणलं. याबद्दल त्याच्या मिलिटरी क्रॉसला बार जोडला गेला, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा.

हे काम उत्तम गस्तीचं, थंड डोक्याचं, आणि कदाचित शेकडो जीव वाचवणारं. तरी मी ते मिलिटरी क्रॉसच्या बारचंच मानतो. बार म्हणजे कमी लेखणं नव्हे. प्रत्येक मोठ्या कामाला व्हिक्टोरिया क्रॉस मागत सुटलं, तर पोझिएरबद्दलची न्याय्य तक्रारच पातळ होते. म्हणून माझा हिशेब दोनवर थांबतो.

हल्ल्याचं काय झालं? १० एप्रिलला रणगाडे हिमवादळात वेळेवर पोचले नाहीत, बर्फात पडून राहिलेली माणसं उजाडता उजाडता मागे आणली. दुसऱ्या दिवशी तीच योजना पुन्हा. रणगाडे बंद पडले, जळाले, मागे राहिले. पायदळ न तुटलेल्या तारांमधून तरीही हिंडेनबर्ग लाइनमध्ये शिरलं, आणि आत दारूगोळा संपेपर्यंत लढलं. चौथ्या ब्रिगेडचे सुमारे ३,००० पैकी २,३३९ कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्या दिवशी १,१७० ऑस्ट्रेलियन कैद झाले. त्या युद्धात एका लढाईत इतके कधीच झाले नव्हते. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचो आणि काही वेळ काही बोलायचो नाही.

जॅकाने यानंतर रणगाड्यांच्या कामगिरीवर जो अहवाल लिहिला, त्यात शब्द गिळले नाहीत. पलटणीतल्या त्याच्या सोबत्यांची पुढे पक्की समजूत झाली, की या स्पष्टपणाची किंमत त्याने बढती आणि पदकांमध्ये मोजली. मेसीन्सला त्याने कंपनी घेऊन मशीनगनच्या जागा काबीज केल्या. सप्टेंबर १९१७ मध्ये पॉलिगॉन वुडला तर पुढच्या रेषेवर तोच पलटण चालवत होता, आणि तिथे त्याने दाखवलेली डावपेचांची समज त्याला नुसता दांडगट समजणाऱ्यांनाही चकित करून गेली. यातल्या एकाही कामाचं पदक नाही, आणि कॅप्टनच्या वर तो कधी गेला नाही. एका वाक्यात कारण सांगणं कठीण आहे. त्याचा स्वभावही त्यात होताच. वरिष्ठांना तोंडावर बोलायचा, आणि खालच्यांना शिस्त लावायला आरोपपत्र भरण्याऐवजी ठोसा देणं त्याला सोपं वाटायचं, अशा आठवणी त्याच्याच माणसांनी सांगितल्या आहेत. आजच्या फौजेत ते चालणार नाही, आणि चालू नये. पण त्याच माणसांनी आपल्या पलटणीला अभिमानाने 'जॅकाची टोळी' म्हणवून घेतलं.

जॅकाच्या तिन्ही कामांत मला एक धागा दिसतो, तो तरुण लीडर्सनी घ्यावा असा आहे. शत्रूचं लक्ष या क्षणी कुठे आहे, हे तो आधी पाहायचा. कोर्टनीजला तुर्कांचे डोळे खंदकाच्या वळणाकडे होते, तो वरून आला. पोझिएरला पहारेकऱ्यांना वाटत होतं की आता आपल्या वाटेत कुणी उरलेलं नाही, तो नेमका त्या वाटेत उभा होता. बुलकूरला दोघे गस्तीवाले बेसावध होते, त्याने आवाज होऊ दिला नाही. हल्ल्याची वेळ निवडणं हे शौर्याइतकंच कठीण असतं. तीस यार्डांवर येईपर्यंत थांबणं, सात घाबरलेल्या माणसांना थांबवून ठेवणं, ते मला धावून जाण्याहून अवघड वाटतं.

मे १९१८ मध्ये फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोन्नोजवळ विषारी वायूच्या हल्ल्यात तो सापडला. शस्त्रक्रिया झाल्या, महिनोन् महिने इस्पितळ, आणि आघाडीवर परतणं नाही. १९१९ च्या उत्तरार्धात मेलबर्नला उतरला तेव्हा स्वागताला प्रचंड गर्दी होती.

नागरी आयुष्यात त्याने आपल्या पलटणीतल्याच दोघा सोबत्यांबरोबर विजेच्या वस्तूंचा आयात व्यवसाय काढला, रेन यांचं पाठबळ त्यालाही होतं. १९२१ मध्ये फ्रान्सेस केरी हिच्याशी लग्न केलं, पुढे एक मुलगी दत्तक घेतली. १९२९ मध्ये सेंट किल्डाच्या नगर परिषदेवर निवडून आला आणि १९३० मध्ये महापौर. महामंदीचा काळ होता. बेकारांसाठी काम, मदत, घरातून हुसकावल्या जाणाऱ्यांची बाजू, यातच त्याचा वेळ गेला. त्याच १९३० मध्ये त्याचा स्वतःचा धंदाही बुडाला. महापौरपदाची वस्त्रं उतरली की हा माणूस साबणाच्या कंपनीचा फिरता विक्रेता म्हणून पोटापाण्याला बाहेर पडत होता.

डिसेंबर १९३१ मध्ये परिषदेच्या सभेनंतर तो कोसळला. १७ जानेवारी १९३२ ला कॉलफील्डच्या लष्करी इस्पितळात मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने गेला. वय ३९. सात जखमा आणि विषारी वायू सोसलेलं ते शरीर होतं. अँझॅक हाउसमध्ये ठेवलेल्या पार्थिवाच्या दर्शनाला ६,००० हून जास्त लोक आले, आणि शवपेटीला खांदा द्यायला व्हिक्टोरिया क्रॉसचे आठ मानकरी होते.

तुम्ही मेलबर्नलाच आहात, तर सेंट किल्डाच्या दफनभूमीत त्याची कबर आहे, प्रेस्बिटेरियन विभागात. दरवर्षी जानेवारीत, १७ तारखेच्या आसपास, तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, तो सगळ्यांना खुला असतो. त्याची पदकं कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत. पुढेमागे फ्रान्सला जाणं झालं, तर पोझिएरच्या पवनचक्कीची जागा रस्त्यालगतच आहे. तिथे उभं राहून गावाकडे पाठ करा आणि उताराकडे पाहा. त्या टेकाडासाठी दोन्ही बाजूंनी एवढी माणसं का घातली, ते नकाशापेक्षा तिथे लवकर कळतं.